लोकांसमोरचा घास

जबलपूरच्या मिशनच्या शाळेत आम्ही जेवायला बसलो की सिस्टर पाठीमागून फिरत. कुणाचा आवाज झाला की त्या तिथेच थांबत. गिळताना आवाज होतो, हे मला तिथे कळलं. पुढे कुणी पाहत असलं की घास घशापाशी येऊन थांबू लागला.

शाळा संपवून मी केशोरीजवळच्या आमच्या गावी परतले, तरी ते गेलं नाही. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. आधी पुरुषांची पानं होत. मग आम्ही बायका चुलीपाशी, हातातलं काम आवरत, जमेल तसं जेवत असू. माझ्या ताटाकडे पाहायला कुणाला वेळ नव्हता.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी एका उन्हाळ्यात गावतलावाची पाळ खचली. तलाव आमच्या पूर्वजांनी बांधलेला, म्हणून दुरुस्ती बाबांच्या अंगावर. माती टाकायला सगळं गाव आलं. ज्यांच्या हातचं पाणी आमच्या घरात चालत नसे, ती माणसंही आली. बाबांनी ठरवलं की दुपारचं जेवण या वेळी एकाच पंगतीत होईल, आणि आमचं घरही त्यात बसेल, बायकांसकट.

"एका पाळीवर माती टाकता, तं एका पंगतीत जेवाले काय होते?" असं ते काकांना म्हणाले. काकांनी अबोला धरला.

मला गावाबाहेरच्या वस्तीतल्या एका बाईशेजारी बसवलं. पळसाच्या पत्रावळीवर भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि वांग्याची भाजी होती. समोरच्या ओळीतले सगळे आमच्या दोघींकडेच पाहत होते. पाटलांची शिकलेली मुलगी जेवते का, हेच त्यांना पाहायचं होतं. मी भात कालवला. मग आणखी कालवला.

शेजारच्या बाईने माझ्या पत्रावळीकडे पाहिलं आणि तिचा हात थांबला.

"काऊन बाई, जेवून नाही राहिली?"

मी घास केला आणि परत पत्रावळीवर ठेवला.

"इंग्रजी शिकली ते," समोरची म्हातारी म्हणाली. "तिले टेबल लागते."

काही जण हसले. शेजारची हसली नाही. तिने पदर आवरला आणि माझ्यापासून थोडी लांब सरकली.

"तिचा उपास आहे," आई घाईने म्हणाली. उपासाला कुणी भात कालवत बसत नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. पंगत लवकर उठली. कितीतरी पत्रावळींवर भात तसाच राहिला.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "तुले त्या बाईचा विटाळ वाटला?"

"नाही."

"मंग?"

"कुणी पाहत असलं की घशाखाली उतरत नाही. घरातसुद्धा."

बाबांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "तुम्ही तिले जेवताना कधी पाह्यलं?" त्यांना आठवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला पाळीवर घेऊन गेले आणि त्या बाईला सगळ्यांदेखत खरं ते सांगितलं. तिने मातीची टोपली खाली ठेवून ऐकून घेतलं.

"पाटील, भेव वाघाचं असते. उपाशी राह्याचं भेव असते. समोर अन्न असल्यावर भेव कायचं?" ती रागावली नव्हती. "आमच्याशेजारी नाही जेवाचं तं नाही. खोटं कायले बोलता?"

तिने टोपली उचलली आणि गेली.

दुपारी त्या वस्तीतली माणसं पाळीपलीकडे बसून आपापला बांधून आणलेला भात जेवली. बाकीचे घरोघरी गेले. काका त्या दिवशी बाबांशी बोलू लागले.

बाबा घरी येऊन पानावर बसले. "हिलेही वाढा," ते आईला म्हणाले. "इथंच, माझ्यासमोर."

मी बसले. ते मान खाली घालून जेवत होते, माझ्याकडे पाहत नव्हते. मी एक घास तोंडात घातला. बाबांचं जेवण झालं, ते हात धुवून आले, तरी तो तोंडातच होता.