पोलंडमधल्या गावाचा खारबांध

वामनमामा मंगळवारी सकाळी गेले. बाराव्या दिवशी पोलंडहून पत्र आलं. मामीनं ते न फोडता माझ्या हातात दिलं. मामांची पत्रं इतकी वर्षं मीच फोडत आलो होतो.

मामा भिवंडीजवळच्या, खाडीकाठच्या पूर्णे गावातल्या शाळेत गुरुजी होते. तिसरीच्या मुलांना भूगोल शिकवताना आधी शाळा, मग गाव, मग तालुका असा त्यांचा क्रम असे. ऐंशीच्या सुमारास एका मासिकातल्या पत्रमैत्रीच्या रकान्यात त्यांना स्तानिस्लाव भेटला. पोलंडमधल्या शंभरेक घरांच्या एका खेड्यात तोही गुरुजीच होता आणि इतिहास शिकवायचा. मामांचं इंग्रजी बेताचं. मी तेव्हा भिवंडीच्या कॉलेजात शिकत होतो. रविवारी टेमघरहून सायकलनं पूर्णेला जायचो. मामा मराठीत सांगत, मी इंग्रजीत लिहीत असे. तिकडून उत्तर आलं की मी वाचायचो आणि मामा ते शंभर पानी वहीत उतरवून घ्यायचे... त्या गावाच्या चतुःसीमा, मातीचा रंग, राय आणि बटाटा ही पिकं, लाकडी चर्च. लढाईत जळलेली घरं पुन्हा कुणी कुठे बांधली, हेसुद्धा. स्तानिस्लावच्या आजोबांच्या हयातीत गाव जागचं हललं नाही, पण राज्यं तीनदा बदलली, हे वाक्य मामांनी वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं.

मामी चिडवायची. “इथं मोरी तुंबलीय दोन दिवस, आन् गुरुजी तिकडची नदी साफ करतायत.”

“तिकडची नदी हिवाळ्यात गोठते गं,” मामा म्हणायचे. “मोरी कुठं गोठते?”

मध्ये तिकडे काही गडबड झाली आणि वर्षभर पत्रं बंद पडली. मामा मात्र दर महिन्याला लिहीत राहिले.

आता जे सांगायचं आहे, त्यानं गेले काही आठवडे मला एका जागी बसू दिलेलं नाही. मी नोकरी करतो त्या वाचनालयात पुस्तकं लावताना चुकीच्या कपाटाशी जाऊन उभा राहतो. पहिल्या वर्षीच मामांनी एक प्रश्न सांगितला होता. ‘तुमच्या नदीला भरती किती वाजता चढते आणि बांध कोण राखतं?’ तो मी पत्रात लिहिलाच नाही. समुद्रापासून इतक्या आतल्या गावात कसली भरती? तो परका माणूस माझ्या मामाला हसेल, असं मला वाटलं. हे मामांना सांगायचाही धीर झाला नाही. त्यांनी तो प्रश्न आणखी दोनदा घातला आणि मी दोनदा गाळला.

“एवढं सगळं लिहितो, पाण्याचं काहीच बोलत नाही,” मामा म्हणाले.

“विसरला असेल.”

“असू दे. नदीकाठी सखल शेतं आहेत ना? मग बांध असणारच.”

पूर्णेच्या माणसाला दुसरं सुचणं शक्यच नव्हतं. खाडीचं खारं पाणी भाताच्या शेतात शिरू नये म्हणून घातलेला मातीचा बांध, त्यात ओहोटीला पाणी सोडायच्या उघाड्या, आणि दरवर्षी घरटी एक माणूस जाऊन केलेली त्याची डागडुजी. मामांचं लहानपण यातच गेलं होतं.

नव्वदनंतर गोदामं आली. चुलतभावांनी जमिनी विकल्या. मुरुमाचे डंपर दिवसभर शेतात रिकामे होऊ लागले. मामा निवृत्त झाले होते. संध्याकाळी चपला घालून निघायचे आणि अंधार पडायच्या आत अस्वस्थ होऊन परतायचे. एकदा मी बरोबर होतो. वाटेत त्यांचा जुना विद्यार्थी भेटला.

“गुरुजी, तिकरं कशाला जाता? बांध न्हाय राहिला आता.”

“मला माहीत हाय रे. पायांना माहीत न्हाय.”

त्याच आठवड्यात त्यांनी मोठा कागद आणून स्तानिस्लावच्या गावाचा नकाशा काढला. चर्च, शाळा, घरं सगळं वहीबरहुकूम. आणि नदीच्या कडेनं बांध. मी पाहिला, गुंडाळला आणि रजिस्टरनं पाठवला. तेव्हा तरी बोलायला हवं होतं... त्यानंतर मामा आजारी पडले. मी गेलो की पहिला प्रश्न हाच असे. “उत्तर आलं का रे? बांध बरोबर आलाय का, तेवढं कळू दे.” पोस्टाला वेळ लागतो, असं मी सांगत राहिलो.

बाराव्या दिवशीचं पत्र मी मामीला मराठीत वाचून दाखवलं. स्तानिस्लावनं लिहिलं होतं की आमच्या नदीला भरती नाही, आमच्याकडे असा बांध कधीच नव्हता. पण सात वळणं, तीन फाटकं, तिसऱ्या फाटकाशी पाण्याकडे वाकलेलं झाड, इतकं नेमकं कुणी कल्पनेनं काढत नाही. हा बांध कुठला आहे? मुलं रोज विचारतात. नकाशा आम्ही वर्गात लावला आहे.

“वाकलेला तो करंज,” मामी म्हणाली. “ती आपली उघाडी.”

मग मी तिला गाळलेल्या प्रश्नाचं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

“म्हणजे तू विचारलंसच न्हाय.”

“नाही.”

ती सुपातले खडे वेचत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी बांध शोधायला गेलो. पत्र्याच्या भिंती होत्या, ट्रक उभे होते. वॉचमननं विचारलं, “किधर जाना है?” मी पत्र्यांकडे बोट दाखवलं आणि मागे फिरलो. घरी येऊन मी स्तानिस्लावला पत्र लिहिलं. मामा गेल्याचं लिहिलं, तीनदा गाळलेला प्रश्न लिहिला, आणि बांध पूर्णेचा आहे हेही लिहिलं. पहिल्यांदाच काही गाळलं नाही.

मामांनी नकाशाची दुसरी प्रत ठेवली नव्हती. बांध गोदामांखाली आहे. त्याचा एकुलता एक नकाशा पोलंडमधल्या एका शाळेत, भिंतीवर आहे.