आलवणाचा रंग

पेशवाईवरचा सिनेमा बघायला आईला घेऊन गेले होते. पडद्यावर विधवा आली. मोकळे केस, शुभ्र पांढरी साडी. ऐंशीची आई ताडकन म्हणाली, "पांढरं कुठलं गं? आमच्या आत्याला नवरा गेल्यावर तांबडं आलवण नेसवलं होतं. आणि डोक्यावर केस तरी ठेवले होते का तिच्या!"

त्याच सिनेमातल्या सरदारीणबाईंच्या नथीतला मोती न् मोती अचूक होता. वेशभूषाकार मुलाखतीत म्हणाले होते, विधवेला पांढरं दिलं, कारण ते पडद्यावर खुलून दिसतं. माझं डोकंच फिरलं. अहो, बाई खुलून दिसू नये म्हणूनच तर ते जाडंभरडं आलवण होतं!

तिनं काय नेसावं, हे तेव्हाही दुसऱ्यांनीच ठरवलं. आजही दुसऱ्यांनीच.