अंगणवाडीची एक जागा आणि एक कुकी

माझी शेवटची नेमणूक एटापल्ली तालुक्यातल्या पोलीस ठाण्यात होती. तिथली एक चौकशी आठवली की आजही थक्क व्हायला होतं.

गावात अंगणवाडी सेविकेची एकच जागा निघाली होती. दोन जिवलग मैत्रिणींनी ऑनलाइन अर्ज भरले. एकीचे वडील नुकतेच वारलेले. दुसरी गावात ऑनलाइन कामांचं दुकान चालवायची. काही दिवसांनी पहिलीचा अर्ज 'रद्द' दिसू लागला. तो दुकानवालीच्याच कॉम्प्युटरवरून रद्द झाल्याची खबर मिळाली, नोंदीही तेच सांगत होत्या. पहिली मैत्रीण रडत तक्रार द्यायला आली. मला वाटलं, प्रकरण सरळ आहे.

महिला शिपाई शेजारी बसवून मी दुकानवालीचा जबाब घेतला.

"साहेब, मी माहाच अर्ज रद्द केला. माह्याच अर्जाचा नंबर टाकला. तिचा काऊन करीन?"

"स्वतःचा तरी कशाला?"

खोटं बोलणारा माणूस कारणं पुढे करतो. ही एकही देत नव्हती. मला ते खटकलं.

गडचिरोलीहून सायबर शाखेच्या हवालदार बाई आल्या. त्यांनी तोच कॉम्प्युटर लावून दाखवला. लॉगिन केलं की सर्व्हर ब्राउझरला ओळखीची एक खूण देतो, तिला कुकी म्हणतात. पुढे त्या पानातला छोटा प्रोग्राम, म्हणजे जावास्क्रिप्ट, सर्व्हरला जी विनंती पाठवतो, तिच्यासोबत ब्राउझर ती कुकी मुकाट्याने जोडतो. दुकानात तारेवरून नेट येतं, पण मोबाईलला रेंज नसल्याने ओटीपीसाठी टेकडी चढावी लागते, म्हणून झालेलं लॉगिन तिथे कोणीच बंद करत नाही. मैत्रिणीचं लॉगिन तसंच राहिलं होतं. दुकानवालीने अर्जाचा नंबर स्वतःचा टाकला, सोबत कुकी गेली मैत्रिणीची. सर्व्हरने नंबर पाहिलाच नाही, कुकीवर विश्वास ठेवला. डोळ्यांना न दिसणाऱ्या एवढ्याशा खुणेने एका मुलीला आरोपी करून ठेवलं होतं! मी आ वासून बघत राहिलो.

दुकानवालीचा अर्ज तपासला. तो जसाच्या तसा चालू होता. म्हणजे पोरगी खरं बोलत होती.

मैत्रिणीला आत बोलावून सगळं सांगितलं, आणि दुकानवालीला पुन्हा विचारलं, "आता तरी सांग, स्वतःचा अर्ज का रद्द करत होतीस?"

ती खाली बघत म्हणाली, "जागा एकच हाये, साहेब. मले दुकान हाये. तिच्या घरी कमावणारं कोणी नाई."

मैत्रीण ओरडलीच, "मंग मले सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं त तू करू देलं असतं काय?"

मी त्याच दिवशी अहवाल पाठवला, आणि मैत्रिणीचा अर्ज पुन्हा चालू झाला. पुराव्यात कोणी काय केलं ते सापडतं. का केलं, ते माणसालाच विचारावं लागतं. दुकानवालीने ठाण्यातून परत गेल्यावर आधी मैत्रिणीचं लॉगिन बंद केलं, मग टेकडी चढून स्वतःचा ओटीपी आणला आणि स्वतःचा अर्ज रद्द केला.