शेवटच्या दगडाचा मान

ओरिसिया डॅनिलुक, आमची ओरी, चालायला शिकली ती बर्फावरच, असं तिची आई सांगायची. तिचे वडील मेट्रो आमच्या गावच्या कर्लिंग रिंकवर, म्हणजे बर्फावर जड दगड सरकवत खेळायच्या मैदानावर, बर्फ करायचे. पाठीवर पाण्याची टाकी बांधून, उलटं चालत, ते बर्फावर बारीक थेंब शिंपडत. ते थेंब गोठले की त्या खरखरीत दाण्यांवरून दगड सरकतो. शाळा सुटली की पोर थेट तिथं. भारतातून इथं येऊन राहिलेली मी, रिंकच्या स्वयंपाकघरात बायकांबरोबर पिरोही, म्हणजे बटाट्याच्या सारणाच्या उकडलेल्या करंज्या, भरत बसे आणि काचेतून तिला बघे.

सोळाव्या वर्षी ती ज्युनियर गटात मॅनिटोबाची, म्हणजे कॅनडातल्या आमच्या प्रांताची, विजेती झाली. ती स्किप होती. स्किप पलीकडच्या टोकाला, रंगीत वर्तुळांच्या घरात उभी राहून कुठे टाकायचं ते दाखवते आणि स्वतःचे दगड सगळ्यांत शेवटी टाकते. शेवटच्या दगडाचा मान स्किपचा, हे आमच्याकडे वेदीपुढे फादर उभे राहणार इतकं ठरलेलं. ज्युनियरच्या राष्ट्रीय सामन्यांत ती हरून आली तेव्हा मेट्रो म्हणाले, "बायकांच्या गटात बघा तिला."

बायकांच्या गटात आम्ही तिला बघितलं, वर्षानुवर्षं. दिवसा धान्याच्या कोठारावर ट्रकांचं वजन करायचं, संध्याकाळी सराव. प्रांतातून राष्ट्रीय स्पर्धेला एकच संघ जातो. ओरी अंतिम सामन्यापर्यंत पोचायची आणि शेवटच्या दगडाला तिचा हात आखडायचा. सरावात हवा तिथं थांबणारा दगड त्या दिवशी घराच्या दाराशीच बसकण मारायचा.

चौतिशीत ती पुन्हा अशीच हरली, गेल मॅकवीटीच्या संघाकडून. आमच्यात जिंकलेल्यांनी हरलेल्यांना पहिला ग्लास द्यायचा आणि एकाच टेबलाशी बसायचं. मीही शेजारी होते.

"काय घेणार?" गेलनं विचारलं.

"विष आहे का?"

"ते तुमच्या गावच्या कॉफीत असतं. इथं व्हिस्कीवर भागव."

ती कॉफी मीच करते. 

गेलनं खुर्ची जवळ ओढली. "रागावू नकोस, ओरी. तुझ्या शेवटच्या दगडाची मला कधीच भीती वाटली नाही. पण आज मधेच धावत येऊन तू तुमच्या जोलीनचा वेग मेलेला दगड, पुढचा बर्फ ब्रशनं झाडत झाडत, घरात नेलास ना, तेव्हा मी घाबरले."

 

ईस्टरनंतर ती माझ्याकडे आली. "सुमन, मी लीड होणार. स्किप जोलीन."

जोलीन बावीस वर्षांची, तिच्याच संघातली. लीड म्हणजे पहिले दगड टाकायचे आणि मग सामनाभर इतरांच्या दगडापुढे ब्रश घासत पळायचं. घासलं की दगड लांब जातो, वळतो कमी.

"वडलांना सांगितलंस?"

"त्यांनाच घाबरून आधी तुझ्याकडे आले."

मी देवापुढे उदबत्ती लावली आणि तिच्याबरोबर गेले. मेट्रो बूट घालत होते.

"स्किपनं झाडू मारायचा?" ते म्हणाले. "उद्या फादरना चर्चचं अंगण झाडायला सांग."

"झाडतात की, तातो," ओरी वडलांना म्हणाली. "मी पाहिलंय."

"ते बर्फ बाजूला करतात. ते वेगळं."

"मला राष्ट्रीय स्पर्धेला जायचंय. स्किप म्हणून घरी नाही बसायचं."

मेट्रोंनी बुटाची नाडी दोनदा सोडून बांधली. तो हंगाम सुरू झाला तेव्हा ते बर्फ करून ठेवत आणि तिचा सराव सुरू व्हायच्या आत निघून जात.

त्याआधी उन्हाळाभर ओरीनं शेताच्या रस्त्यावर टायर ओढला होता. दंड घट्ट झाले, पण बर्फावर आल्यावरही स्किपची जुनी खोड जाईना. दगड वळायला लागला की ही पळता पळता ओरडायची, "उजवीकडे चाललाय!" एकदा तिनं जोलीनचा हुकूम डावलून घासलं आणि दगड भलत्याच ठिकाणी गेला.

जोलीन वर्तुळांच्या घरातून चालत आली. "ओरी, दिशा जी समोर उभी असते तिला दिसते. वेग तुला. दोन्ही तुलाच हवं असेल तर तू उभी राहा इथं, मी झाडते."

ओरीचे कान लाल झाले. "बरं, मालकीणबाई," म्हणाली आणि ब्रश घेऊन वळली. पुन्हा दिशेबद्दल तिनं तोंड उघडलं नाही.

फेब्रुवारीत अंतिम सामना, समोर पुन्हा गेल. बरोबरी. एकच दगड उरला, जोलीनचा. गेलचा दगड मध्यबिंदूजवळ बसलेला आणि आपला त्याहून आत थांबायला हवा. जोलीन दगड टाकणार म्हणून घरात तिच्या जागी संघातली शेली उभी होती. काचेमागं माझ्याजवळ मेट्रो. कसे कोण जाणे, आले होते.

दगड निघाला. ओरी लगेच ओरडली, "हलका आहे! पोचणार नाही!"

"थांब!" शेली ओरडली. "आधी वळू दे."

ओरीनं ब्रश बर्फापासून बोटभर वर धरला.  दगड मंदावत होता, ते तिला त्या रिंकमध्ये सगळ्यांत आधी कळत होतं, आणि ती थांबली. मेट्रो छातीवर उजवीकडून डावीकडे क्रॉसची खूण करत होते. मी देवीचं नाव घेत होते.

"आता!"

मग ओरी अशी घासायला लागली की पाठ दिसत होती, डोकं नाही. दगड रखडत, रखडत गेलच्या दगडाला वळसा घालून आत गेला आणि थांबला. ओरी तिथंच बर्फावर आडवी पडली.

मेट्रो काचेला हात लावून उभे होते. "असं तर मी कुणाला झाडताना पाहिलं नाही," ते म्हणाले. मला नव्हे, काचेलाच.

राष्ट्रीय स्पर्धेत संघ बॅगपाइपच्या मागोमाग आत आले. ओरीच्या जॅकेटच्या पाठीवर मॅनिटोबाचं चिन्ह, रानरेडा, होता. पहिला सामना आमचा संघ हरला, तोही वाईट. संध्याकाळी जोलीन ओरीला बोलवायला गेली तर ही सरावाच्या बर्फावर.

"जेवायला चल, ओरी."

"तू हो पुढं. हा बर्फ आपल्याकडच्यापेक्षा वेगवान आहे. मला अजून कळला नाही."

जोलीननं कोट काढला. "मग टाकू का दगड?"

"टाक. पण हळू टाक. मला झाडायचंय."