नेसाले का द्याले?

शेलूबाजारातला साडीवाला गिऱ्हाईक बसायच्या आधीच विचारतो, "मावशी, नेसाले का द्याले?" द्यायच्या साड्यांचा गठ्ठा वेगळा. त्या कोणी नेसत नाही, या लग्नातून त्या लग्नात फिरतात.

नातवाच्या बारशाच्या आदल्या दिवशी विहिणीसाठी मी तसलीच मागितली. तो हळूच म्हणाला, "पाहा बा. तुमच्या ईनबाईनं कालच तुमच्यासाठी नेसाची नेली."

नाक कापलं जाईल म्हणून मी मुकाट्यानं चांगली घेतली.

बारशात विहिणीनंही चांगलीच दिली. मी म्हटलं, "परवाच घेतली म्हणे?"

"नाही वो ईनबाई, आज सकाळी! मी द्याचीच मागत होती, तर तो म्हणे, तुमी नेसाची नेली."

लबाड मेला! पण आहेरातली साडी मी कितीतरी वर्षांनी नेसली.