अण्णांसाठी तीन ग्लास

संशय घेणं हा माझा धंदाच आहे, त्याचाच पगार मिळतो. कानडी मुलखातल्या होसकोटेच्या एका बिअर कारखान्यात मी चव तपासते. नागपूरला आई मात्र शेजाऱ्यांना सांगते की मी 'फूड'मध्ये आहे.

आमचे मुख्य ब्रूअर, म्हणजे बिअर बनवणारे, जवळच्या शहरातल्या जे. पी. नगरचे. त्यांचं मराठी घराणं कैक पिढ्यांपासून इथलंच. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. वर्षातून एकदा ते जुन्या पद्धतीची काळी, कडक एल बिअर करतात आणि टाकीतला पहिला घोट स्वतःच घेतात. यंदा मात्र ग्लास माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "आधी तू सांग."

माझ्या मनात पाल चुकचुकली. माल बिघडला असणार आणि खापर माझ्या डोक्यावर फोडायचं असणार. मी घोट घेतला. जळका गूळ, कॉफी, शेवटी घशात ऊब. बिघडलेलं काहीच नव्हतं. मग तर संशय आणखीच वाढला.

पहिला घोट त्यांनी का टाळला ते काढून घ्यायला दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांनाच पेचात धरलं. त्याच बिअरचे तीन ग्लास भरले आणि एकात चमचाभर गुलाबपाणी घातलं. वेगळा ग्लास ओळखायचा, ही आमच्याकडची नेहमीची परीक्षा. हा तर कुणीही दारातून ओळखला असता.

अण्णांनी एकेक ग्लास नाकाशी धरला, घोट घेतला. पण दर घोटानंतर ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी चेहरा मख्ख ठेवला. शेवटी त्यांनी पहिला ग्लास उचलला.

"अण्णा, गुलाबपाणी दुसऱ्यात आहे."

ते मटकन खुर्चीत बसले. "तापात नाक गेलं गं. स्वल्प स्वल्प येईल म्हणून थांबलो. मालकांना कळलं तर घरी बसवतील."

मला माझीच लाज वाटली. काय शोधत होते आणि काय सापडलं!

त्यांनी चांगला ग्लास माझ्या हातात दिला. "खरं सांग. खजुराचा वास येतोय? त्याशिवाय ती माझी बिअर नव्हे."

हो म्हणणं सोपं होतं. त्यांना ते पडताळता आलं नसतं. मी दोनदा वास घेतला.

"नाही अण्णा. अजून नाही."

"सरी, ठीक," ते म्हणाले. उठून माझ्या एका शब्दावर त्यांनी टाकीच्या पाटीवर लिहिलं, 'अजून पंधरा दिवस'. स्वतः एक घोटही घेतला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या नाकाची भीती वाटली.