तुकोगंजचं घर आणि मिस्त्री

मिस्त्रींनी मला फसवलं. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल चार चांगल्या गोष्टी सांगणार आहे आणि तुम्हाला वाटेल, याचा राग गेला.

घर बघायला गेले की मिस्त्री भिंतींकडे बघतच नसत. आधी घरातला एकेक दरवाजा उघडायचा, लावायचा आणि घरच्या बाईंना विचारायचं, "पावसाळ्यात कुठला अडकतो?" आमच्या इंदूरची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया तिच्यावरच टेकलेला असला की आख्खं घर हलतं, आणि ते आधी दरवाज्याला कळतं. मालक खोटं बोलेल, दलाल तर बोलणारच. दरवाजा कशाला बोलेल?

वीस वर्षं सकाळचा चहा ते परदेशीपुऱ्यातल्या माझ्या हार्डवेअरच्या दुकानात प्यायले. खुर्ची दिली तरी पेंटच्या डब्यावर बसायचे. गिऱ्हाइकाने चुकीची बिजागरी मागितली की माझ्यादेखत सांगायचे, "ये मत लो भिया, छोटी पड़ेगी." त्या वेळचा सौदा जायचा, पण तेच गिऱ्हाईक पुन्हा माझ्याकडेच यायचं. तो माझा माणूस होता. बाजारात सगळे तसंच म्हणायचे.

तुकोगंजच्या मागच्या गल्लीतलं ते घर विकायला निघालं, तेव्हा मी त्यांनाच घेऊन गेलो. त्या गल्लीत माझी आई पोळ्या लाटायला जायची. तिथे माझ्या नावाची पाटी लागावी, एवढं एकच मला हवं होतं. मिस्त्रींनी दरवाजे बघितले, कोपऱ्यातल्या तिरप्या भेगेत बोट घातलं आणि म्हणाले, पावसाळा जाऊ द्या, परत बघू. मी म्हटलं, तोवर घर कोण ठेवतंय? तुम्ही फक्त खोट काढा आणि मालकाला ऐकू जाईल अशी सांगा, भाव मी पाडतो. अशा पाच-सहा सौद्यांत मी त्यांच्या तोंडून भाव पाडले होते.

त्या दिवशी ते मालकासमोर गप्प राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "भिया, नका घेऊ."

मी नाही घेतलं.

दिवाळीनंतर कळलं, आमच्याच गल्लीत भाड्याने राहणाऱ्या गणिताच्या सरांनी ते घेतलं. भाजीवाला सांगेल तो भाव देणाऱ्या सरांनी. मी तसाच स्कूटर काढून गेलो. बघतो तर भिंतीच्या कडेने खड्डे, एक जागा सोडून एक, आणि एका खड्ड्यात छातीपर्यंत उतरलेले मिस्त्री.

"मला नको म्हणालात ना?"

त्यांनी घमेलं वर दिलं, हात झटकले. "तुम्ही खोट विचारली, मी खोट बघून सांगितलं. सरांनी इलाज विचारला."

"मग मला नव्हता सांगता येत इलाज?"

"काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत पाया खाली न्यायचा होता. तुम्ही अर्ध्यातच म्हणाला असतात, बस मिस्त्री, इतने में हो जाएगा. नींव में मोलभाव नहीं चलता, भिया."

माझ्या तोंडात शिवी आली होती. तेवढ्यात सर चहाचा कप घेऊन बाहेर आले, म्हणून गिळली. कप मिस्त्रींसाठी होता.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी चहा सांगणं बंद केलं. आठवडाभर ते तरीही येऊन बसले. मग येईनासे झाले.

दोन पावसाळे गेले. त्या घरातला एकही दरवाजा अडकत नाही. सरांच्या कामवालीला विचारून मी खात्री केली. भेग बुजवून वर पिवळा रंग दिलाय. चांगला दिलाय. माझ्या दुकानातला नाही.

गेल्या उन्हाळ्यात मिस्त्रींचा दमा वाढला. त्यांची मुलगी लांब देपालपूरला, आणि दवाखाना तुकोगंजहून जवळ, म्हणून ते महिनाभर सरांच्या पुढच्या खोलीत राहिले. तिथेच गेले. मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही सिमेंट न्यायला आलेल्या मजुराकडून.

सर, तुम्ही हे वाचाल. घर तुमचं झालं, ते मी सोसलं. पण महिनाभर तो माणूस तुमच्याकडे पडून होता आणि माझं दुकान तिथून स्कूटरने दहा मिनिटांवर. त्याने एकदा तरी माझं नाव काढलं असेल. काढलं असेल, तर मला बोलावलं का नाही? आणि काढलंच नसेल, तर तेही दुकानात येऊन माझ्या तोंडावर सांगा.